पाणी दाखवणारी मशीन

सिरसाळा,
१९ नोव्हेंबर २०१५

धोंडीराम,

तुझा पत्ता तुझ्या चुलत्यांकडून, तात्याबांकडून घेतला. ते द्यायला तयार नव्हते. "कावून पायजे तुला?" म्हणाले. मी म्हणालो, कामाचं विचारायचंय. मग एसटीच्या तिकिटामागं लिहून दिला. तर हे पत्र कामाचं आहे. फाडायचं असलं तर वाचून फाड.

दूध संघानं सिरसाळ्यात दुरुस्ती केंद्र काढायचं ठरवलंय. चौदा गावांच्या संस्थांच्या दूध तपासायच्या मशिनी, वजनकाटे, इन्व्हर्टर, सगळं एका ठिकाणी. आजवर हे काम स्टँडासमोरच्या आपल्या दुकानात यायचं. आपल्या असं लिहून गेलो, आता माझ्या म्हणायला पाहिजे. संघाच्या गाळ्यात तीन टेबलं मांडायची आणि केंद्र मी बघायचं, असं ठरलंय. सामानाची यादी मागितली आहे. बाकीची झाली, एका ओळीवर अडलोय. सोल्डरिंग स्टेशन कोणतं घ्यायचं?

माझं तुला माहीत आहे. आयटीआयतून बाहेर पडल्यापासून साठ वॅटची साधी आयर्न. प्लगला लावली की तापत जाते, किती तापली ते तिचं तिला ठाऊक. धूर कसा निघतो त्यावरून आपण अंदाज बांधायचा. रेडिओ आणि जुने टीव्ही असेपर्यंत ते चाललं. आता मशिनीतले बोर्ड असे आलेत की जरा जास्त तापलं तर तांब्याचा पॅड साल निघाल्यासारखा वर येतो, आणि कमी तापलं तर ड्राय सोल्डर होतं. वरून जोडलेलं दिसतं, आतून सुटंच राहतं.

परळीचा एक विक्रेता तीन प्रकारांचे कागद देऊन गेला. पहिल्याला गोल बटण आहे, त्यावर एक ते पाच आकडे. दुसऱ्याला स्क्रीन आहे, किती अंश ते त्यावर दिसतं. तिसरं दिसायला किरकोळ, पण त्याचा हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर दोन्ही सोल्डर वितळवणाऱ्या पुढच्या बिटच्या आतच बसवलेत. ते महाग आहे, आणि बिट गेली की हीटरसकट बदलायची. वॅट तिन्हींवर मोठे मोठे छापलेत. कशावर भरवसा ठेवू?

वाळूजच्या कंपनीत तू दिवसभर बिघडलेले बोर्डच दुरुस्त करतोस असं तात्याबा म्हणाले. म्हणून तुला विचारतोय. दुसऱ्या कुणाला विचारावं असं माझ्या ओळखीत कुणी नाही.

इकडं यंदा परत तेच चाललंय. टँकर दिवसाआड येतो. गुरांची छावणी जुन्याच माळावर पडली आहे.

तुझ्या आईची, मावशीची तब्येत कशी आहे ते लिहिलंस तर बरं वाटेल. नाही लिहिलंस तरी चालेल.

पंडित


सिरसाळा,
९ डिसेंबर २०१५

धोंडीराम,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, नमस्कार नाही. पण अकरा वर्षं एका टेबलावर बसलो, तुझा 'ळ' मला कुठंही ओळखता येईल. उत्तर दिलंस हेच पुष्कळ.

तू लिहिलंस तसंच केलं. "वॅटचा आकडा डब्यावर छापलेला असतो, काम बिटच्या टोकाला होतं. जाड तांब्यावर लागोपाठ दहा सांधे मार. दहावा पहिल्यासारखा चमकला तर स्टेशन घे." ही ओळ मी केंद्राच्या भिंतीवर लिहून लावणार आहे. कुणाची ते लिहिणार नाही, घाबरू नको.

विक्रेत्याला तिन्ही नमुने घेऊन बाजाराच्या दिवशी बोलावलं. एका जळक्या इन्व्हर्टरचा बोर्ड घेतला, त्याचं तांबं चांगलं जाड आहे. बिटचं टोक किती तापलंय ते मोजायचा मीटर अंबाजोगाईच्या आयटीआयतल्या सरांकडून दोन दिवसांसाठी मागून आणलता.

बटणवालं सुरुवातीला चारशेच्या वर गेलं आणि चौथ्या सांध्याला असं गार पडलं की सोल्डर वितळेना, नुसतं चिकटून बसलं. स्क्रीनवाल्याची गंमत वेगळीच. स्क्रीनवर तीनशे पन्नास, दहाच्या दहा सांधे होईपर्यंत तीनशे पन्नास, एक अंश इकडंतिकडं नाही. मीटरवर मात्र सहाव्या सांध्याला दोनशे ऐंशी. सेन्सर आत मुठीत बसवलाय, टोकाला काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, तुम्ही स्क्रीन बघा ना." मी म्हणालो, "स्क्रीन तू बघ बाबा, सांधे मला मारायचेत."

तिसरं तांब्याला टेकवलं की तीनशे तीसपर्यंत उतरायचं आणि हात उचलेपर्यंत परत जागेवर. दहावा सांधा पहिल्यासारखाच झाला. संध्याकाळी व्होल्टेज एकशे साठवर आलं तेव्हाही तपासलं. थोडं उशिरा तापलं, पण तापमान सोडलं नाही.

मग तू सांगितलेली शेवटची गोष्ट केली, बिट आणि अर्थिंगमध्ये मीटर लावून बघितला. चाळीस व्होल्ट! म्हणजे स्टेशन कितीही भारी आणलं तरी नाजूक चिप टेकवल्या टेकवल्या मरणार. स्टेशनचा दोष नव्हता. गाळ्याच्या मागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलाय. तू लिहिलंस, त्यात रोज बादलीभर पाणी ओत. धोंड्या, वाळूजला राहून विसरलास का बे? बादलीभर पाणी जमिनीत ओततो म्हणलं तर मालन मला घरात घेणार नाही. शेवटी तिनंच तोड काढली. भांडी विसळलेलं पाणी लिंबाच्या झाडाला जायचं, ते आता कॅनमध्ये भरून गाडीवरून खड्ड्यावर नेतो. चाळीसवरून सहावर आलंय. बिट पुसायला ओला स्पंज ठेवायचा नाही, पितळी तारेचा चुरा ठेवायचा, हेही तुझं पटलं.

कोणत्या बोर्डांवर काम करायचंय ते मी लिहिलंच होतं. दूध तपासायच्या मशिनींच्या. तुझ्या कागदावर त्याबद्दल एक ओळ सुरू करून खोडलेली आहे. पुढचा अर्धा कागद कोरा. मी तो उजेडात धरून बघितला, वाचता आलं नाही.

पंडित


सिरसाळा,
४ जानेवारी २०१६

धोंडीराम,

तिसरं स्टेशन घेतलं, तीन नग. तुझ्या सांगण्यावरून सुईसारख्या बारीक बिट परत केल्या आणि छिन्नीसारख्या चपट्या घेतल्या. बारीक बिट नाजूक कामाला बरी असा माझा आजवर समज होता. ती उष्णता पोचवतच नाही, मग माणूस तापमान वाढवत बसतो आणि बोर्ड जाळतो, हे तू लिहिल्यावर डोक्यात शिरलं.

आता दुसरं. आपल्या गावच्या संस्थेनं नवी मशीन घेतली. चेअरमन अजून मोहनरावच आहेत. जुनी मशीन त्यांनी मोडीत काढायला केंद्रात पाठवली. तुझ्या आईच्या वेळची तीच ही मशीन.

काय झालं ते तुला मावशीनं सांगितलं असेल, गावानंही सांगितलं असेल. माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस. त्या आठवड्यात तू सामान आणायला पुण्याला गेलतास. म्हणून लिहितो.

२०१३ चा एप्रिल. मशीन बंद पडली आणि मी एकट्यानं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या दुधात पाणी दाखवायला लागली. मावशीची गाय छावणीत होती. तिथं धार काढून, चार किलोमीटर कॅन डोक्यावर घेऊन ती यायची, त्यामुळं तिचा नंबर रोज शेवटी. पहिल्या दिवशी आठ टक्के पाणी, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी अकरा. सचिवानं दूध नाकारलं. मावशीनं आरडाओरडा केला नाही. कॅन उचलला आणि परत गेली. चौथ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा शेवटी, आणि मशिनीनं पुन्हा पाणी दाखवलं.

मोहनरावांनी मला बोलावून मशीन तपासायला लावली. मी सकाळी तपासली, बरोबर निघाली. त्याच दिवशी सभा झाली. मोहनरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पंडित, मशीन बरोबर हाय का?"

मी म्हणालो, "बरोबर हाय."

हात वर झाले आणि मावशीचं नाव सभासदांच्या यादीतून कापलं. तू आलास, दुकानाची किल्ली टेबलावर ठेवलीस. आठ दिवसांत गाय विकून मावशीला घेऊन गेलास.

परवा मशीन उघडली. आत माझाच सांधा आहे. दुधाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार जिथं बसते तिथला पॅड उखडलेला, आणि त्यावर सोल्डरचा गोळा थापलेला. मशीन गार असते तेव्हा गोळा तारेला टेकलेला असतो. पंचवीस-तीस नमुने झाले की मशीन तापते, गोळा केसभर सरकतो, सेन्सर चुकीचं तापमान सांगतो आणि मशीन चांगल्या दुधात पाणी दाखवते. मी ती सकाळी गार असताना तपासली होती. मावशी यायची तोवर ती तापलेली असायची.

हे मला परवा कळलं. कळल्याबरोबर तुला लिहायला बसलो.

पंडित


सिरसाळा,
२३ जानेवारी २०१६

धोंडीराम,

तुझं कार्ड आलं. त्यावर दोनच गोष्टी आहेत. एक मावशीची: त्या साली प्यायला पाणी नव्हतं, तर दुधात घालायला मी कुठून आणलं असेल, हे सभेत एकालाही कसं सुचलं नाही? आणि खाली तुझी: "परवा कळलं म्हणतोस. अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसलोय."

कार्ड चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मालननं कपडे धुताना काढून वाचलं आणि टेबलावर ठेवलं. 

परवा कळलं हे खोटं आहे. मला तेव्हाच माहीत होतं.

पॅड माझ्या आयर्नखालीच उखडला. जळका वास आला, हाताला कळलं. नीट करायचं म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक खरवडून वेगळी तार ओढावी लागली असती, अर्धा दिवस गेला असता. बाहेर मोहनराव गाडी चालू ठेवून उभे होते, संध्याकाळचं दूध यायची वेळ झालती. मी वर सोल्डर थापलं आणि मशीन देऊन टाकली. तोवर फक्त हलगर्जीपणा होता. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं.

सभेच्या दिवशी सकाळी तपासायला गेलो. आकडा बरोबर आला. झाकण लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं बोर्डावर सहज ठोकलं, आपण दोघं नेहमी ठोकायचो तसं. पाण्याचा आकडा शून्यावरून अकरावर गेला. परत ठोकलं, परत शून्य. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी झाकण ठेवलं, चारही स्क्रू आवळले आणि सभेला गेलो.

कावून, ते सांगतो. त्याच आठवड्यात मोहनराव मला म्हणाले होते, "संघात माझा शब्द चालतो, चौदा गावांच्या मशिनी तुझ्याकडं देतो." पहिलीच मशीन मी बिघडवली असं सभेत सांगितलं असतं तर ते काम गेलं असतं. एवढंच कारण असतं तर लिहायला सोपं होतं.

त्या आठवड्यात उशिरा येणाऱ्या आणखी दोघांच्या दुधात पाणी निघालं होतं. एक मोहनरावांचा चुलत भाऊ. सचिव त्यांना म्हणाला, "उद्या सकाळी पयल्या नंबरला आणा, परत बघू." सकाळी बरोबर निघालं. मावशीला तसं कुणी म्हणालं नाही. तुमच्या वस्तीतून दूध घालणारी ती एकटीच. तिच्यावर शंका घ्यायला कुणाला जड गेलं नाही. मलाही गेलं नाही. तुझ्या घरी मी शंभर वेळा जेवलोय, मावशीच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात, आणि तरी सभेत बसून मनात आलं की हिचं नाव गेलं तर गावात फार बोभाटा होणार नाही. हे आलतं मनात. तुला हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. सुचलं होतं. टँकरवर तुमच्या वस्तीची पाळी सगळ्यात शेवटी असायची. रिकामे हंडे परत जाताना मी माझ्या ओट्यावरून रोज बघायचो. दुधात घालायला पाणी तिच्याकडं नव्हतं, हे मला सभेत बसलेलो असतानाही माहीत होतं.

पत्रात हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. सभेत बोललो होतो, तर सभेतच बोलायला पाहिजे. मोहनरावांकडं विशेष सभा मागितली आहे.

पंडित


सिरसाळा,
१६ फेब्रुवारी २०१६

धोंडीराम,

तुझं काही आलं नाही. बरोबर आहे. सभा परवा झाली, ती कळवायला लिहितोय.

मोहनरावांनी आधी दोनदा घरी बोलावून समजावलं. "जुनं कावून उकरतो? केंद्र तुझ्याकडं आलंय. नवी मशीन आलीय. बाई तिकडं पोराजवळ सुखानं हाय. कुणाचं अडलंय का?" मी म्हणालो, माझं अडलंय. ते म्हणाले, मग मी सभा घेत नाही. तेव्हा तात्याबांना बरोबर घेऊन बत्तीस सभासदांच्या सह्या गोळा केल्या आणि अर्ज दिला. सह्या गोळा करताना प्रत्येक दारात कारण सांगावं लागलं, त्यामुळं सभेच्या आधीच निम्म्या गावाला माहीत झालतं. काही जण सही करायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. एक-दोघांनी दार लावून घेतलं.

मालनला घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तवाच मला सांगितलं असतं तर तुमाला सभेला जाऊच दिलं नसतं." मग थोड्या वेळानं, "न्हाईतर संगं आले असते." परवा ती संगं आली आणि बायकांत बसली.

मी जुनी मशीन टेबलावर ठेवली, आहे तशी, दुरुस्त न करता. दूध मोहनरावांच्या घरचंच मागवलं. म्हणालो, यापेक्षा चोख दूध गावात कुणाचं नाही. ते खूश झाले. गार मशिनीवर तपासलं, पाणी शून्य. मग तेच दूध परत परत घालत गेलो. पाऊण तास गेला. लोक कंटाळले, बिड्या पेटल्या, दोघं उठून गेले. एकतिसाव्या वेळेला आकडा हलला. पाणी चार. मग सात. मग नऊ. मी मशीन लोकांकडं वळवली.

मागून कुणीतरी हसलं. "मोहनरावाच्या दुधात पाणी!"

मोहनराव उठले. "मशीन खराब हाय ही!"

"तेच सांगायला हुबा हाय," मी म्हणालो.

त्यानंतर कुणी हसलं नाही. मी बाकीचं सांगितलं. पॅड कसा उखडला, गोळा कसा थापला, सकाळी ठोकल्यावर काय दिसलं, मी काय लपवलं. त्या दोघांचं दूध सकाळी परत तपासलं आणि मावशीचं नाही, हेही सांगितलं.  दाराशी जाईबाई बसली होती, तीही मावशीसारखीच छावणीवरून दूध आणायची, त्या दोघांतली दुसरी तीच. तिनं मावशीचं नाव घेतलं, "मंग छबूचं नाव कावून कापलं?" नुसतं विचारलं तिनं. तिच्याकडं कुणी बघेना. "मी इचारते, कावून कापलं?"

सचिव कागद चाळत बसला. शेवटी मोहनरावांनीच सांगितलं, लिहा. ठराव झाला: छबुबाईंचं सभासदत्व पूर्ववत, दुधात भेसळ केल्याचा शेरा चुकीचा, मशीन सदोष होती. "मशीन सदोष" वर मी हरकत घेतली. म्हणालो, दुरुस्ती सदोष होती, मशिनीला कशाला नाव ठेवता. आणि फेरतपासणी सगळ्यांची केली, तिची केली नाही, हेही घाला. ते घालायला अर्धा तास भांडावं लागलं. पण घातलं. ठरावाची नक्कल सोबत आहे, शिक्क्याची.

संघाचंही पत्र आलं. केंद्र परळीच्या एका माणसाकडं दिलंय. मला दुसऱ्या टेबलावर काम करायला सांगितलं आहे, आणि साध्या आयर्ननं मी आजवर दुरुस्त केलेली प्रत्येक मशीन परत उघडून तपासायची, लेखी द्यायचं. नवा माणूस बरा आहे. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, स्टेशन कुणी निवडलं? मी म्हणालो, माझ्या एका मित्रानं. मित्र म्हणायचा अधिकार मी घेतला, राग मानू नको.

पंडित


सिरसाळा,
११ एप्रिल २०१६

धोंडीराम,

शुक्रवारी तुम्ही दोघं आलात. तू केंद्रात स्टेशन बघत बसलास, संस्थेच्या ऑफिसात आला नाहीस. मावशीला मी गाडीवर गावात नेलं.  ऑफिसात काय झालं ते तिनं तुला सांगितलं असेल. तरी माझ्याकडूनही तुझ्याजवळ असावं.

सचिवानं ठराव वाचायला घेतला. मावशीनं हात वर केला. "कागद ऱ्हाऊ द्या. पंडित, तू त्या टायमाला माझ्यामागं बोललास. आता माझ्यासमोर बोल."

मी बोललो. सभेत बोलायला लागला त्याच्या पावपट वेळ लागला. तिच्यासमोर फारसे शब्दच उरले नाहीत. तुझ्या दुधात पाणी नव्हतं, मला माहीत होतं, मी खोटं बोललो. तीन वाक्यं. ती टेबलावरच्या रजिस्टरकडं बघत होती.

"झालं?"

"झालं, मावशी."

"बरं," म्हणाली.

मोहनराव तिच्यासाठी खुर्ची घेऊन आले. "बसा, छबुबाई. आता सभासद झालात, पुन्हा दूध सुरू करा आपलं."

ती उभीच राहिली. "गाय इकून तीन वर्सं झाली. मी काय दूध घालायला यीत न्हाई. पण नाव ऱ्हाऊ द्या यादीत. परत कापायचं झालं तर परत सभा घ्या, अन् त्या टायमाला आदी मला इचारा."

मग रजिस्टर आपल्याकडं ओढून घेतलं, स्वतःचं नाव बोटानं शोधलं, आणि त्यापुढं सही केली. अंगठा लावायला सचिवानं शाईचं पॅड पुढं केलं होतं. ते तिनं बाजूला सारलं. ती सही करायला शिकली हे मला माहीत नव्हतं. चहा झाला होता, घेतला नाही. बस आहे म्हणाली. बसला अजून दीड तास होता.

तू केंद्रात काय केलंस ते नवा माणूस सांगत होता. तीनही स्टेशनं तपासलीस, माझ्या टेबलावरचं तीनशे सत्तरवर होतं ते तीनशे वीसवर आणलंस, जाड बिट बसवलीस आणि म्हणालास, "याला सांगा, वितळतंय तर आणखी तापवायचं न्हाई." मी आलो तेव्हा तू पायऱ्या उतरत होतास. मावशीला स्टँडावर आधी बसमध्ये बसवलंस, मग माझ्याकडं बघून मान हलवलीस. मी त्यातून काही काढत नाही. तू मान हलवलीस एवढंच लिहितो.

तीनशे वीसवर काम करतोय. सांधे चांगले होतात. हात आधी घाई करायचा, आता एक क्षण जास्त थांबतो.

जुन्या मशिनी उघडायचं काम सुरू आहे. एकूण बावीस निघाल्या. रोज एक, कधी दोन. कालपर्यंत सात उघडल्या. सहा ठीक होत्या, एक-दोन ठिकाणी सांधा कुरूप होता पण पक्का. सातवी दुसऱ्या एका गावची होती, तिच्यात काल दुपारी पुन्हा तोच गोळा सापडला. त्याच सेन्सरच्या तारेवर, माझ्याच हातचा. मशीन २०१४ पासून तिथं चालू होती. गोळा काढला, ट्रॅक खरवडून तार ओढली, नीट बसवली. या स्टेशनवर दहा मिनिटं लागली.

नव्या माणसानं लेखी नोंद केली आणि म्हणाला, झालं, पुढची घ्या. पण त्या गावात दोन वर्षांत कुणाच्या दुधात पाणी निघालं, कुणाला परत तपासायला बोलावलं आणि कुणाला नाही, हे बोर्डावर दिसत नाही. ते गावात जाऊनच विचारावं लागेल. ओळखीचं तिथं कुणी नाही.

उद्या पहाटेच्या गाडीनं जातोय. सकाळी दूध घालायच्या वेळेला सगळे तिथंच असतात.

पंडित